शेरू माजलेला नाही, त्याचा कान ठणकतोय

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही राजारामपुरीत राहतो. आमचा शेरू लॅब्रॅडॉर आहे, पाच वर्षांचा, वजन ४२ किलो. आजवर तो कुणावर साधा गुरगुरलाही नव्हता. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हापासून त्याचं वागणं बदललंय. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की मान काढून घेतो, गुरगुरतो. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या सात वर्षांच्या मुलानं त्याच्या गळ्यात हात टाकला तेव्हा त्यानं दात लावला. रक्त आलं नाही, पण हातावर ओरखडा उठला. घरीच मलम लावलं, डॉक्टरांकडे नेलं नाही. सासरे म्हणतात, "लई लाडावलंय, दोन रट्टे दिल्याबिगर सरळ व्हायचं न्हाई." मिस्टरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याला दोनदा उताणं पाडून दाबून धरलं, मालक कोण ते कळावं म्हणून. तेव्हापासून तो त्यांच्याजवळ जातच नाही. सारखी मान झटकतो, पंजे चाटतो, ढुंगण फरशीवर घासतो, फिरायला नेलं की गवत खातो. कानाला वास येतो म्हणून सासूबाईंनी लसूण घालून तापवलेलं खोबरेल तेल कोमट करून सोडलं, तरी फरक नाही. रविवारी मटणाचा रस्सा, भाकरी आणि हाडं असतात, ती मात्र आवडीनं खातो. शेजारी म्हणतात, पिसाळला असेल, मळ्यात नेऊन सोडा. रेबीजचं इंजेक्शन दोन वर्षांपूर्वी दिलं होतं. काय करू?

— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

ताई, पत्रात शेरूबद्दल बरंच आहे आणि मुलाला डॉक्टरांकडे नेलं नाही हे मधेच एका वाक्यात उरकलंय. मी तिथूनच सुरुवात करतो.

कुत्र्याचा दात लागून नुसता ओरखडा उठला, रक्ताचा थेंबही आला नाही, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ती दुसऱ्या श्रेणीची जखम धरतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. कातडी फाटून रक्त आलं तर ती तिसरी श्रेणी. तिथे लसीच्या जोडीला जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. हळद, चुना, तिखट यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीनं लोक अजून टाळाटाळ करतात, पण ती गोष्ट कधीच इतिहासजमा झाली. आता चार-पाच डोस असतात, तेही दंडात. कोल्हापुरात आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात ही लस मिळते. घरचं कुत्रं आहे, ओळखीचं आहे, लस झालेली आहे, असं म्हणून थांबायचं नसतं. डॉक्टरांना सगळं सांगायचं आणि ठरवू द्यायचं त्यांना.

आता जिवाला स्वस्थ वाटेल असं सांगतो. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो लक्षणं दिसायच्या जेमतेम काही दिवस आधी. लक्षणं सुरू झाली की कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा असं सांगतात ते यासाठीच. शेरूनं दात लावला त्याला पंधरा दिवस झाले आणि तो अजून रस्सा चापतोय. म्हणजे त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. शिवाय पिसाळलेलं कुत्रं जूनपासून आजवर असं नुसतं गुरगुरत बसत नाही. त्याचा आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळवत नाही, समोर येईल त्याला चावत सुटतं आणि मग पाय लुळे पडून आठवड्याभरात सगळं संपतं. शेरूचं यातलं काहीच नाही. तरीही मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनाचंही विचारा. शेरूची लस मात्र वर्षभर थकलीय. तीही आता देऊन टाका आणि पुढच्या वर्षीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

तर शेरू पिसाळलेला नाही. तो माजलेलाही नाही. पाच वर्षं गरीब असलेलं जनावर दीड-दोन महिन्यांत बदलतं तेव्हा मी आधी दुखणं शोधतो, स्वभावाकडे नंतर बघतो. आणि तुमच्या पत्रात तर ते शोधावंही लागत नाही. डोक्याला हात लावू देत नाही, मान झटकतो, कानाला वास येतो, आणि हे सगळं पावसाबरोबर सुरू झालंय. त्याचा कान ठणकतोय. मुलानं गळ्यात हात टाकला तेव्हा दंड नेमका त्या कानावर आला असणार.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. आत गेलेलं पाणी, मळ, पू सहजी बाहेर येत नाही. त्यात लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, म्हणजे वरून झाकण. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे या कानात काय होत असेल ते बघा. मॅलासेझिया नावाची एक बुरशी निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोडीफार असतेच. कान ओला राहिला, आतली कातडी सुजली की ती माजते. मग तपकिरी, चिकट मळ येतो आणि इडलीचं पीठ जास्त आंबल्यावर येतो तसा वास सुटतो. पिवळा पू आणि असह्य वेदना असतील तर बुरशीबरोबर जिवाणूही आलेत असं समजायचं.

सासूबाईंचा उपाय मायेपोटी होता, पण ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. तेल घालणं म्हणजे तिला जेवायला वाढणं झालं. वर लसणानं सुजलेली कातडी भाजते ती वेगळीच. आणखी एक गोष्ट घराघरात होते. मागच्या वेळचे, नाहीतर शेजारच्या कुत्र्याचे उरलेले थेंब कपाटातून काढून कानात सोडतात. आत पडदा फाटलेला असेल तर काही औषधं थेट अंतर्कर्णापर्यंत पोचतात आणि कुत्रं बहिरं होतं किंवा त्याचा तोल जातो. पडदा शाबूत आहे की नाही ते आत दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कळत नाही. कापसाची काडीही नको, ती मळ वळणाच्या पलीकडे ढकलते.

घरी एवढंच करा. शेरू शांत बसलेला असताना एकानं समोरून त्याला उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे देत राहायचं. दुसऱ्यानं बाजूला बसून, त्याच्यावर ओणवं न होता, कानाची पाळी हळूच उलटायची. दोन्ही कान बघा, कारण एक बरा असला की दुसऱ्यातला फरक लगेच डोळ्यांत भरतो. लाल आहे का, हाताला गरम लागतो का, आतल्या घड्या जाड झाल्यात का, मळाचा रंग काय? तो ताठला, चिकन चघळायचा थांबला, तर तिथेच हात काढा. दुखतंय याची तेवढी खूण पुरे.

दवाखान्यात त्या मळाचा फाया काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला पाहिजे. बुरशी आहे, जिवाणू आहेत की कानातले माइट्स नावाचे बारीक किडे, ते त्यातच कळतं आणि तिघांची औषधं निराळी. "बघायची गरज नाही, हे थेंब न्या" असं कुणी म्हणालं तर फाया बघा म्हणून आग्रह धरा. तेवढा तुमचा हक्क आहे. औषध दोन-तीन आठवडे तरी चालतं. चौथ्या दिवशी वास जातो आणि लोक थांबतात, तिथेच घोडं पेंड खातं. अर्धवट बरा झालेला कान महिन्याभरात पुन्हा उलटतो. असं चार-पाच वेळा झालं की नळीची कातडी जाड होत जाते, पुढे ती कडक पडते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. शिवाय मान सारखी झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी रक्तानं टम्म फुगते. पावसाळ्यात अशी कुत्री दवाखान्यात नेहमीच येतात.

आता पंजे चाटणं आणि ढुंगण घासणं. तुम्ही या वेगवेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यात. मला त्या एकाच दुखण्याच्या वाटतात. कान, पंजे आणि शेपटीखालची जागा ही तिन्ही ठिकाणं एकदम खाजत असतील तर आम्ही आधी कातडीच्या ॲलर्जीचा विचार करतो. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. म्हणून आठवून बघा, मागच्या दोन-तीन पावसाळ्यांत शेरू पंजे चाटायचा का? रंग फिका असेल तर बोटांमधले केस तांबूस झालेत का बघा. लाळेनं तो डाग पडतो, आणि डाग असेल तर हे जुनं दुखणं आहे. धुळीतले माइट्स, भिंतीच्या ओलीवरची बुरशी, गवताचे पराग, कधी खाण्यातलं एखादं प्रथिन, कारण काहीही असू शकतं. कान बरा करून ॲलर्जी तशीच ठेवली तर पुढच्या जूनमध्ये तुमचं हेच पत्र मला पुन्हा येईल. डॉक्टरांपुढे फक्त कान ठेवू नका, तिन्ही गोष्टी सांगा.

ढुंगण घासलं की आपल्याकडे जंत ठरलेलेच. असतीलही. विष्ठेवर किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, आणि ते पिसवांमार्फत येतात, म्हणून पिसवांचंही औषध करावं लागतं. पण मोठ्या कुत्र्यात बरेचदा शेपटीखालच्या दोन बारीक पिशव्या तुंबलेल्या असतात. त्या डॉक्टर दाबून मोकळ्या करतात. वास भयंकर असतो, नाकाला रुमाल लावून उभ्या राहा.

गवत खाण्याची काळजी सोडा. धडधाकट कुत्रीही गवत खातात आणि बहुतेकांना त्यानंतर उलटी होत नाही. फक्त फवारणी केलेल्या बांधावरचं खाऊ देऊ नका. आणि पाऊस सरला की जोतिबाच्या, पन्हाळ्याच्या बाजूला फिरायला नेत असाल तर कुसळं सांभाळा. कुसळ कानात शिरलं की कुत्रं अचानक मान एका बाजूला कलती करून ओरडतं. ते पुढे पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. रंकाळ्यावर नेत असाल तर पाणी हिरवं दिसेल त्या दिवशी उतरू देऊ नका, पिऊ देऊ नका. तसल्या शेवाळात यकृतावर उठणारं विष असू शकतं. एरवी पोहून आला तर कान कोरडे पुसून घ्या, बाहेरून, बोटाला मऊ कापड गुंडाळून.

आता मिस्टरांच्या व्हिडिओबद्दल. "कळपाचा म्होरक्या व्हा, कुत्र्याला उताणं पाडा" ही शिकवण जिथून निघाली तिची गोष्ट त्यांना ऐकवा. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं १९४७ साली पिंजऱ्यात ठेवलेल्या लांडग्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका जागी कोंडलेले, साहजिकच मारामाऱ्या. त्यावरून म्होरक्या आणि ताबेदार ही कल्पना रुजली. पुढे डेव्हिड मीच या संशोधकांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथे गादीसाठी रोज लढाया होत नाहीत. आणि हे लांडग्यांचं झालं, शेरू तर सोप्यात झोपणारा लॅब्रॅडॉर. ठणकत्या कानाच्या कुत्र्याला ४२ किलो वजनासकट उताणं पाडून दाबलं तर तो काय शिकेल? हा माणूस जवळ आला की जीव जातो. तो ते शिकलाय, म्हणून तर त्यांच्याजवळ जात नाही.

सासऱ्यांच्या दोन रट्ट्यांचंही तेच. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली सूचना आहे आणि ती आपल्या फायद्याची असते. तीही त्याची पहिली सूचना नसते. आधी तो तोंड फिरवतो, नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं, अंग ताठतं. हे कुणी वाचलं नाही तर गुरगुरतो. तेही ऐकलं नाही तर हवेत किंवा वरवर दात लावतो. शेरूच्या दाताला ताकद काय असते ते तुम्ही हाड फोडताना बघितलंय. त्यानं मुलाच्या हातावर फक्त ओरखडा उठवला, म्हणजे त्यानं स्वतःला आवरलं. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या खेपेला सूचना न देता थेट चावतं. "काही कारण नसताना चावला" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांत अशी बरीच असतात.

आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हेही खरं नाही. अंग सैल आणि शेपटीबरोबर कंबरही हलतेय तर खूश. अंग ताठ, शेपूट उंच आणि नुसता शेंडा थरथरतोय तर लांब राहा.

मुलाशी मात्र नीट बोला. त्याला भीती बसली असेल किंवा शेरूचा राग आला असेल. त्याला सांगा, शेरूच्या कानात दुखत होतं आणि त्याला ते बोलून सांगता येत नव्हतं. कान बरा होईपर्यंत दोघं एका खोलीत एकटे नकोत, मोठं माणूस समोर असलंच पाहिजे, आणि "असलं" म्हणजे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं नव्हे. कान बरा झाल्यावरही काही नियम कायमचे ठेवा. झोपलेल्या, जेवणाऱ्या, हाड चघळणाऱ्या शेरूजवळ मुलानं जायचं नाही. गळ्यात पडायचं नाही, मिठी माणसांना आवडते, बहुतेक कुत्री ती सहन करतात एवढंच. त्याच्याकडे जाण्यापेक्षा त्याला हाक मारायची, आला तर छातीला किंवा खांद्याला दोन-तीन क्षण खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. त्यानं पुन्हा अंग लावलं तर आणखी हवंय. निघून गेला तर विषय संपला. जिन्याखाली किंवा परड्याकडच्या दारापाशी त्याची एक जागा ठरवून द्या. तिथे तो गेला की घरातल्या कुणीही त्याला हात लावायचा नाही, सासऱ्यांनीसुद्धा.

कानाचं दुखणं गेलं तरी हाताची भीती लगेच जाणार नाही. तिच्यासाठी रोज पाच मिनिटं द्या. खांद्याला हात, चिकनचा तुकडा. पुन्हा हात, पुन्हा तुकडा. काही दिवसांनी मान, मग गाल, मग कानाचं बूड, मग पाळी. हात आला म्हणजे काहीतरी चांगलं येतं हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. हे काम मिस्टरांना द्या. बिघडवलंय त्यांनी, आणि दुरुस्तही त्यांच्याच हातून व्हायला हवं. सुरुवातीला तर हातही लावू नये. बाजूला जमिनीवर बसून नुसते तुकडे टाकत राहावं, त्याच्याकडे न बघता.

आता रविवार. कोल्हापुरात कुत्र्याला मटण देऊ नका म्हणणं म्हणजे भांडणाला तोंड फोडणं, तरी सांगतो. मटणाशी माझं वैर नाही, रश्श्याशी आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, वाळवलेला, सगळाच. आपल्या घरची कांदा-लसूण चटणी म्हणजे तर दोन्हींचा अर्क. एका वाटीनं ४२ किलोचं कुत्रं कोसळणार नाही, पण दर आठवड्याला रस्सा आणि मधल्या दिवसांत उरलेली भाजी असं चाललं तर रक्त कमी होत जातं. हिरड्या फिक्या पडतात, थकवा येतो, लघवी लालसर-तपकिरी होते. वरचा तेलाचा तवंग स्वादुपिंडाला सूज आणतो, ती निराळी.

आणि हाडं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. जादा हाडं खाल्ली की विष्ठा पांढरट, चुन्यासारखी होऊन अडकते. पण सगळ्यात चमत्कारिक प्रकार नळीचा. आतला गर चोखता चोखता नळीचं गोल कडं खालच्या जबड्यावर चढतं, सुळ्यांच्या मागे जाऊन बसतं आणि निघत नाही. कुत्रं सैरभैर होतं, पंज्यानं तोंड ओरबाडतं, जीभ सुजते. घरचे साबण लावून ओढत बसतात. आम्हाला भूल देऊन ते कडं करवतीनं कापावं लागतं. मटण द्यायचंच असेल तर मसाला घालायच्या आधी, नुसतं उकडलेलं, बिनहाडाचं, चार तुकडे बाजूला काढून ठेवा.

४२ किलो हे वजनही जास्तच. लॅब्रॅडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोचा असावा. बरगड्यांवरून हात फिरवा, त्या दिसायला नकोत, पण न दाबता लागल्या पाहिजेत. शेरूच्या लागत नसणार. भाकरी निम्मी करा, तिच्या जागी अंडं, उकडलेलं चिकन, दुधी, गाजर असं काहीतरी द्या. कान दुखतोय म्हणून घरातली तापाची नाहीतर अंगदुखीची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, पॅरासिटामॉलही कुत्र्याला मनानं द्यायचं औषध नाही.

पाळी उलटून बघाल तेव्हा कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीडही बघा. पावसाळ्यात गोचीड तापाची कुत्री आमच्याकडे सारखी येतात. खाणं सोडणं, ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. कुत्र्याचं अंग नॉर्मलला १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागणं हा पुरावा नव्हे, थर्मामीटर लावा. गोचीड रक्त पिऊन भिंतीवर चढतो आणि भेगांत हजारो अंडी घालतो, म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध करून भागत नाही. म्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावण्याचा जो प्रकार गावाकडे चालतो तो करू नका, प्रमाण चुकलं तर कुत्रं झटके येऊन आडवं होतं.

गणपती जवळ येतायत. शेरूचा कान तोवर बरा झाला नाही तर मिरवणुकीचा डॉल्बी त्याला नेहमीच्या दुप्पट त्रासाचा जाईल. आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा, जमिनीवर गोधडी, आणि घरातलं एक माणूस त्याच्याजवळ. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं म्हणतात, ते चुकीचं आहे. फार घाबरत असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. गुंगीची काही औषधं शरीर सुस्त पाडतात, भीती तशीच ठेवतात, म्हणून ती मनानं द्यायची नाहीत.

मळ्यात सोडायचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांना सांगा की १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा गुन्हा आहे. त्यांना कायदा पटला नाही तर हे सांगा: सोप्यात वाढलेलं कुत्रं उसाच्या फडात सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतील, आणि तसं झालं नाही तर ते बिचारं दुखऱ्या कानासह कुणाच्या तरी पोराला चावेल.

उद्याच दवाखाना गाठा. कान साफ करताना हलकी भूल द्यावी लागण्याची शक्यता आहे, म्हणून रात्री नऊनंतर खायला देऊ नका, पाणी चालेल. सकाळची पहिली वेळ घ्या, गर्दीत चार कुत्र्यांच्या मधे त्याला बसवू नका. तोंडाला मुसकं बांधावंच लागेल, पण ते जाळीचं असू द्या, धाप टाकता आली पाहिजे. कापडाची पट्टी दोन-चार मिनिटांपुरतीच ठीक. मान झटकतानाचा आणि ढुंगण घासतानाचा व्हिडिओ घरीच काढून न्या, कारण टेबलावर चढवल्यावर कुत्री यातलं काहीएक करून दाखवत नाहीत. तेल आणि लसूण घातल्याचं लपवू नका. फाया बघून झाला की काय निघालं ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि पुन्हा तपासणीची तारीखही.